घरातलं वीजकाम: कुठवर आपण, कुठून वायरमन

वीजकामाची एक खोड आहे. चुकीचं केलं तरी ते चालतं. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) उलटे जोडा, दिवा लागतोच. अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर जोडायची राहू द्या, फ्रिज थंड होतोच. गिझरला बारीक वायर घाला, पाणी पहिल्या दिवशी छान तापतं. म्हणून ‘लागला की!’ हा या कामाचा पुरावा धरू नका. नव्या घरात राहायला आलेल्या, पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर घर चालवणाऱ्या माणसाने एवढं पक्कं केलं की कुठलं काम आपलं आणि कुठलं नाही, हे ठरवणं सोपं होतं. काम जमेल का, हा पुढचा प्रश्न झाला. चुकलं तर ते आपल्याला दिसेल का, हे आधी विचारायचं.

कायद्याने काय मोकळं ठेवलं आहे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आहेत. २०१० चे होते, २०२३ मध्ये नवे आले. २०१० च्या विनियमांत ही सीमा स्वच्छ शब्दांत होती: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि तत्सम फिटिंग बदलायला हरकत नाही, मात्र त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकी नवं काम, वाढीव काम, फेरफार, दुरुस्ती हे सगळं राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून आणि परवानाधारक माणसाच्या हातूनच व्हायला हवं.

कायद्याची भाषा बाजूला ठेवा आणि ‘क्षमता किंवा स्वरूप’ हे दोन शब्द धरा. होतं तसंच, होतं तिथेच, त्याच रेटिंगचं परत बसवायचं असेल तर विचार करता येतो. ६ अँपिअरच्या सॉकेटच्या जागी १६ अँपिअरचं बसवायचं असेल तर ती अदलाबदल राहत नाही, कारण मागची वायर जुनीच आहे. बाहेरून मात्र दोन्ही कामं सारखीच दिसतात: चार स्क्रू, तीन वायरी.

आपल्या हातातलं

बल्ब आणि ट्यूब बदलणं. जुन्या घरातल्या किटकॅट फ्यूजला (चिनी मातीचा, ओढून काढायचा) त्याच जाडीची फ्यूज वायर घालणं. इस्त्री-मिक्सरच्या वायरीचा तीन पिनांचा टॉप बदलणं. एमसीबी (लोड वाढला की आपोआप खाली पडणारा स्विच) पडली तर कारण शोधणं. हात स्थिर असेल आणि पुढचं सगळं पाळणार असाल, तर एखादा बिघडलेला स्विच तसाच नवा आणून बसवणं.

छताचा पंखा मी यात धरत नाही. कायद्याने मोकळीक असली तरी हुकात पंखा अडकवताना एक जण शिडीवर आणि एक खाली लागतो, आणि वर जो असतो त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पंखा हळू फिरतोय म्हणून नुसता कंडेन्सर बदलायचा असला तरी लक्षात ठेवा, मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. त्याचा झटका जीव घेत नाही, पण शिडीवरून पाडतो.

हात लावण्याआधी

१. डीबीमधलं, म्हणजे घरभरच्या एमसीबी असतात त्या डब्यातलं, मेन स्विच खाली करा. भिंतीवरचा स्विच बंद करून काम करणं हा शॉक खाण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. स्विच फक्त एकच वायर तोडतो, आणि ती फेजच असेल याची खात्री जुन्या घरात कुणीच देत नाही. डीबीतलं मेन फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतं.

२. इन्व्हर्टर बंद करा. हे लोक हमखास विसरतात. मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे पंखे-दिव्यांच्या लाइनला २३० व्होल्ट द्यायला लागतो. त्याचा प्लग काढूनही उपयोग नाही, उलट तेवढ्यानेच तो सुरू होतो. पुढचं बटण दाबून तो खरोखर बंद झालाय ते पाहा. सूर्यघर योजनेनंतर छतावर पॅनेल आलेल्या घरांत आणखी एक भर: उजेड असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या डीसी केबल जिवंतच असतात. त्यांच्याशी आपला काही संबंध नाही.

३. घरात सगळ्यांना सांगा. ‘पंखा का बंद झाला’ म्हणून कुणीतरी मेन वर करतं आणि तुम्ही तेव्हा बोर्डात हात घालून बसलेले असता. डीबीच्या दारावर कागद चिकटवा. घरात लहान मूल किंवा अंधारात न बसवणारे आजोबा असतील तर एखादा माणूसच तिथे उभा करा.

४. टेस्टर लावा, पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याला तपासा. वीसएक रुपयांच्या टेस्टरमधला निऑन उन्हात दिसत नाही, आणि जाड रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो मंद लागतो. म्हणून मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर लावून पाहा, लागतोय का. मग मेन पाडून आपल्या पॉइंटच्या तिन्ही वायरींवर लावा. काम सुरू करण्याआधी तोच टेस्टर पुन्हा एकदा जिवंत जागी तपासायचा, पण मेन खाली असताना घरात जिवंत जागा नसते. तेव्हा जिन्यातल्या बोर्डावर लावा, नाहीतर सरळ मल्टीमीटर (व्होल्ट मोजून आकडा दाखवणारा) घ्या. तो फार महाग नसतो.

पाय कोरडे, हात कोरडे, अंगठी-घड्याळ-ब्रेसलेट काढलेलं. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची शिडी नको. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरच्या बोर्डाला तर उन्हाळ्याशिवाय हातच लावू नका, म्हणजे आपण तरी.

तीन पिनांचा टॉप, नीट

शिकायला हे सगळ्यात चांगलं काम, कारण ते टेबलावर होतं आणि चुकलं तर डोळ्यांना दिसतं.

टॉप उघडला की तीन पिना दिसतात. वरची जाड आणि लांब ती अर्थची. लांब यासाठी, की प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. उरलेल्या दोघींजवळ एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) ही अक्षरं कोरलेली असतात. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर फेज उजवीकडे असतो, पण उघडलेल्या टॉपमध्ये आतून पाहताना डावं-उजवं उलटतं. म्हणून बाजू लक्षात ठेवू नका, अक्षरं वाचा.

आता रंग. उपकरणाच्या लवचिक वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. भिंतीतल्या वायरिंगचा हिशेब वेगळा: लाल, पिवळी, निळी हे तीन फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. म्हणजे इस्त्रीच्या वायरीत जी निळी निरुपद्रवी समजायची, तीच थ्री फेज कनेक्शनच्या भिंतीत जिवंत फेज असू शकते. यूट्यूब पाहून बोर्ड उघडणारे इथे फसतात, त्यातून व्हिडिओ परदेशातला असेल तर विचारूच नका.

वायरीचं टोक सोलताना आतले तांब्याचे केस तुटू देऊ नका. केस पिळून घ्या, एकही बाहेर लोंबता कामा नये. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा बोटाच्या पेरभर लांब ठेवा. कुणी वायर हिसडली तर फेज आधी सुटेल, अर्थ शेवटी. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. शेवटी वायरीला बाहेरच्या कव्हरसकट धरणारी पट्टी आवळा. ती पट्टी फेकून देणारे वायरमनही मी पाहिलेत.

हिरवी वायर ‘कशाला हवी’ म्हणून कापून टाकणं, किंवा तीन पिनांच्या टॉपची वरची पिन मोडून दोन भोकांच्या सॉकेटमध्ये घालणं, हे मात्र कुठल्याच घरात करायचं नाही.

सैल सांधा काय करतो

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. सॉकेटच्या आतला एखादा स्क्रू जरा सैल आहे आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झालाय असं समजा. त्या एका ठिपक्यावर जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंगच्या कांबीइतकी, आणि ती प्लॅस्टिकच्या डबीत बंद. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

हे कळतं ते नाकाला आणि बोटांना. प्लग काढल्यावर पिन चटका देते, सॉकेटचं एक भोक पिवळट-तपकिरी पडलंय, स्विच चालू करताना आत चरचर होतं, जळकट वास येतो. यातलं एकही दिसलं की त्या लाइनची एमसीबी खाली करून वायरमनला फोन. नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, कारण वायरीचं टोकही करपून कडक झालेलं असतं. ते मागे कापून चांगल्या तांब्यापर्यंत यावं लागतं आणि वायर पुरली नाही तर नवी ओढावी लागते. काम आपल्या हातातून जातं ते इथे.

गिझर किंवा वॉशिंग मशीनचा मोठा टॉप छोट्या सॉकेटमध्ये बसवून देणारे अडॅप्टर दुकानात मिळतात. घेऊ नका.

आरसीसीबी सारखी पडते

पहिल्या पावसात होणारी ही तक्रार. हिच्यासाठी लगेच कुणाला बोलवायची गरज नसते, निम्मा शोध तुम्हीच लावू शकता.

आधी डीबीतल्या एमसीबी आणि आरसीसीबी या दोघींतला फरक. एमसीबी वायरीला वाचवते: जास्त लोड किंवा शॉर्ट झालं की पडते. माणसाला शॉक बसला तर तिला पत्ताही लागत नाही, कारण जीव घ्यायला अँपिअरचा छोटा अंश पुरतो. आरसीसीबी माणसाला वाचवते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नसेल, म्हणजे कुठेतरी जमिनीत किंवा अंगातून जात असेल, तर ती तोडते. घरात ३० मिलिअँपिअरची हवी. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. पडली तर ठीक, नाही पडली तर बदलायची.

शोध असा. सगळे प्लग काढा, सगळ्या एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा. आताच टिकत नसेल तर थांबा. बिघाड डीबीत आहे किंवा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय, आणि एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नसल्यामुळे तो तुम्हाला सापडणार नाही. टिकली, तर एकेक एमसीबी वर करत जा. जिच्यावर पडेल ती लाइन. त्या लाइनवर प्लग एकही नाही तरी पडते म्हणजे भिंतीतला किंवा बोर्डातला दोष, तेवढी एमसीबी खाली ठेवून बाकी घर चालवा आणि वायरमनला बोलवा. कुठलीच पडली नाही तर उपकरणं एकेक लावून पाहा. बहुतेक वेळा गिझरचं कॉइल निघतं, नाहीतर इस्त्री, किंवा बाल्कनीतल्या सॉकेटात शिरलेलं पाणी.

वायरमन आला आणि म्हणाला, ‘ही फार त्रास देते, डायरेक्ट करून देतो’, म्हणजे आरसीसीबी वगळून जोडतो, तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. तीच गोष्ट ‘सोळाची एमसीबी पडते, बत्तीसची टाकतो’ म्हणणाऱ्याची. एमसीबी मागच्या वायरीच्या मापाची असते. ती मोठी केली की आधी वायर जळते, मग एमसीबी पडते. किटकॅटमध्ये तांब्याची तार गुंडाळणं हा याचाच जुना अवतार.

इथून पुढे फक्त वायरमन

नवीन पॉइंट. एसीची लाइन, जी थेट डीबीतून वेगळी यायला हवी, स्वतःच्या एमसीबीवर, किमान २.५ चौरस मिमी तांब्याची (बहुतेक जाणकार ४ घालतात). शेजारच्या सॉकेटमधून तिला लूप मारायचा, म्हणजे तिथूनच वायर पुढे ओढायची नाही. बाथरूममधलं काहीही. डीबीचं आतलं झाकण उघडणं. जुनी अॅल्युमिनियमची वायर. आणि अर्थिंग.

अर्थिंगवर जरा थांबतो. फ्रिजच्या दाराला किंवा मशीनला हात लावल्यावर मुंग्या येतात, अनवाणी असलं की जास्त. लोक ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. याचा अर्थ बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही. चाळीत आणि जुन्या वाड्यांत ते कित्येकदा मुळातच नसतं. मग कुणीतरी शक्कल काढतं आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून छोटा तुकडा घेऊन अर्थच्या पिनेला जोडतं. मुंग्या थांबतात, सगळे खूश. पुढे कधीतरी मागचा न्यूट्रल सुटला की त्याच तुकड्यातून पूर्ण २३० व्होल्ट फ्रिजच्या पत्र्यावर येतात. नळाच्या पाइपाला अर्थ जोडणंही तसंच वाईट, कारण मधला पाइप आता प्लॅस्टिकचा असतो, आणि नसला तर शेजाऱ्याच्या नळाला करंट जातो.

वायरमनला मल्टीमीटर लावून दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज-अर्थ हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन. तिथे नेमकं शून्य आलं तर सॉकेट उघडून तो तुकडा नाही ना, हे बघायला लावा.

विजेचं मीटर आणि त्याच्या आधीचं सगळं वीज कंपनीचं: महावितरण असो, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर. मीटरचं सील कुणीही, परवानाधारकानेही, तोडायचं नसतं. तिथे ठिणग्या दिसल्या तर १९१२ लावा.

माणूस कसा निवडावा

आयटीआयमध्ये दोन वेगळे दोन-दोन वर्षांचे कोर्स असतात, वीजतंत्री आणि तारतंत्री. त्यांपैकी एक झालेला आणि राज्याचा परवाना असलेला माणूस शोधा. परवाना मागायला संकोचू नका. ज्याच्याकडे असतो त्याच्या तो मोबाइलमध्येच असतो. संपूर्ण वायरिंग किंवा वीजभार वाढवायचा असेल तर ठेकेदार परवानाधारकच लागतो, कारण कंपनीला त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तुमचा सध्याचा ‘मंजूर भार’ बिलावर छापलेला असतो. दोन एसी आणि इंडक्शन घेण्याआधी तो आकडा पाहून ठेवा.

अॅपवरून येणारा चांगला असू शकतो, पण पुढच्या वेळी तोच येईल असं नाही. मी गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारतो: ‘तुमच्याकडून कोण माल नेतं, आणि परत तक्रार येत नाही?’ दुकानदाराला बरंच ठाऊक असतं, फक्त त्याचं कमिशन त्यात असतं हे धरून चालायचं.

बोलणी करताना पॉइंटप्रमाणे दर की एकूण, मालासह की नुसती मजुरी, भिंत फोडली तर बुजवणार कोण, हे आधी ठरवा. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. कुठे किती चौरस मिमीची वायर घालणार, हे कागदावर लिहून घ्या. माल स्वतः आणलात तर आयएसआय खूण आणि जाडी वेटोळ्यावर वाचा, पक्कं बिल घ्या. आणि एक बघाच: बोलणी करणारा उस्ताद आणि काम करायला आलेला पोरगा वेगळे असतील, तर डीबीची जोडणी उस्तादाने स्वतः करायची, हे आधी बोलून ठेवा.

पाइप भिंतीत बसले आणि प्लॅस्टर व्हायचं आहे, त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप धरून. दोन वर्षांनी देवघराचा खिळा ठोकताना तो फोटो कामाला येतो.

पैसे देण्याआधी: प्रत्येक सॉकेटवर मल्टीमीटर, ‘टी’ बटण त्याच्यासमोर दाबून, प्रत्येक एमसीबीखाली कुठल्या खोलीची ती चिठ्ठी, स्विच बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर (लागला तर स्विच न्यूट्रलवर आहे, परत करायला लावा). गिझर अर्धा तास चालवून प्लगला हात लावून पाहा.

शॉक बसलाच तर

माणसाला धरू नका, आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून ढकला. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात आणि १०८. उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. आग असेल तर पाणी नको, मेन बंद आणि १०१.

भाड्याच्या घरात

पहिल्याच आठवड्यात डीबी पाहा: आरसीसीबी आहे का, ‘टी’ दाबल्यावर पडते का. नसेल, किंवा गिझरचं सॉकेट करपलेलं असेल, तर फोटोसकट घरमालकांना लेखी मेसेज पाठवा आणि दुरुस्ती त्यांच्या खर्चाने मागा. ते ‘तुम्हीच बघा ना, बिल देतो’ म्हणाले तर परवानाधारक माणूस बोलवा, बिल त्यांच्या नावाने करून घ्या आणि तोवर बादलीत हीटर न टाकता पाणी गॅसवर तापवा.